डोळा बरा झाला, मग औषध कशाला?

पत्र (थोडं कापून घेतलंय):
"ताई, माझं वय २८. माहेर तासगाव, सासर चिंचवड. मार्चमध्ये उजव्या डोळ्याने अचानक धुरकट दिसायला लागलं, डोळा फिरवला की आतून दुखायचं. चष्म्याच्या दुकानात गेले तर नंबर तोच आहे म्हणाले. ड्रॉप्स घालण्यात आठ दिवस गेले, मग न्यूरोच्या डॉक्टरांकडे पाठवलं, पाच दिवस स्टेरॉइडच्या सलाईन झाल्या आणि दीड महिन्यात डोळा जवळजवळ पहिल्यासारखा झाला. पण एमआरआयमध्ये डिमायलिनेशनचे (मायलिन म्हणजे नसांवरचं वेष्टण, ते गेल्याचे) डाग आलेत, पाठीतलं पाणीही तपासलं, डॉक्टर म्हणतात एमएस (मल्टिपल स्क्लेरॉसिस) आहे, औषध सुरू करा आणि मनाने बंद करू नका. सासूबाई म्हणतात डोळा बरा झाला ना, मग जन्माचं लोढणं कशाला, मायलिन म्हणजे शेवटी चरबीच, तूप-बदाम खा, मज्जा धातू वाढेल. माझं बी१२ पण १६० आलंय, मिस्टरांचे मामा म्हणतात तेवढं भरून काढलं की सगळं जाईल. पुण्यात ते जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) झालेलं ते हेच का? आणि आम्हाला मूल हवंय. औषध सुरू करू की नको? रिपोर्टचे फोटो जोडलेत."

आधी एक काम कर. देवघरातली कुंकवाची डबी घे, खिडकीपाशी उजेडात बस, डावा डोळा झाकून नुसत्या उजव्याने कुंकू बघ, मग उजवा झाकून डाव्याने बघ. दोन्हीकडून सारखंच लाल दिसलं तर छानच, पण मला वाटतंय उजव्याला ते जरा विटलेलं दिसेल, धुवून धुवून रंग गेलेल्या साडीसारखं. अक्षरं सगळी वाचता येतात, तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा, आणि लाल मात्र फिकं, असं या दुखण्यात खूप जणांचं होतं. माझ्या डाव्या डोळ्याला २००६ पासून टोमॅटो तसेच दिसतात, मी भाजी घेताना एक डोळा मिटून टोमॅटो निवडते, नवीन भाजीवाला असला की दचकतो बिचारा.

आता तुझ्या रिपोर्टमधला तिसरा फोटो काढ, व्हीईपी लिहिलंय तो. त्या टेस्टमध्ये स्क्रीनवर काळे-पांढरे चौकोन उलटसुलट होत होते आणि तुझ्या डोक्याला मागे वायरी चिकटवल्या होत्या, आठवतं? त्या वायरी एवढंच मोजत होत्या की डोळ्याने पाहिलेलं मेंदूच्या मागच्या भागात किती वेळात पोचतं. साधारण १०० मिलिसेकंद लागतात. तुझ्या डाव्या डोळ्याला लागले १०२ आणि उजव्याला १२९. आणि वर तारीख बघ, मे महिन्यातली आहे, म्हणजे डोळा "बरा" झाल्यानंतरची. सासूबाईंना हा कागद दाखव. दिसतंय सगळं, पण उशिरा पोचतंय, कारण वाटेत जे मायलिन गेलं ते जसंच्या तसं परत आलेलं नाही.

मी डॉक्टर नाही हे या सदरात दर वेळी सांगते, परत सांगते. अकोल्यात ज्युनियर कॉलेजला २२ वर्षं बायो शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं हाच आजार अंगावर घेऊन शिकवलं, तेवढाच माझा अधिकार. डोस आणि औषधाचं नाव तुझे डॉक्टर ठरवतील. पण "बरा झाला मग कशाला" या प्रश्नाने माझं स्वतःचं इतकं वाटोळं झालंय की त्यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे.

मायलिन म्हणजे वायरीवरचं प्लास्टिक असं सगळीकडे वाचशील, मीही वर्गात तेच सांगायचे, पण त्याने अर्धंच कळतं. मज्जातंतूचा लांब धागा डोळ्यापुढे आण, त्याच्याभोवती थरावर थर गुंडाळलेले असतात अगदी सुरळीच्या वडीसारखे, आणि अशी एक वडी संपली की बारीक फट, मग पुढची वडी, मग परत फट. सिग्नल त्या फटींतून उड्या मारत जातो. आपली लाल गाडी कशी प्रत्येक फाट्याला हात दाखवला की थांबते, तसं मायलिन नसलेल्या बारीक तंतूत सिग्नल रखडत जातो, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे सकाळी फिरायला निघालेल्या आजोबांचा स्पीड. मायलिनवाल्या जाड तंतूत तोच सिग्नल फक्त मोठमोठ्या स्टँडला थांबत गेल्यासारखा सेकंदाला १२० मीटरपर्यंत पळतो. मायलिनशिवाय स्पीड वाढवायचा असेल तर तंतू प्रचंड जाड करावा लागतो, काही माकुळांच्या अंगात तसं आहेच, मिलिमीटरभर जाडीचा एकेक तंतू. आपल्या एका डोळ्यामागच्या नसेत दहा लाखांच्या वर तंतू आहेत, ते जर तेवढे जाड असते तर नस धरायला डोकं कुठून आणणार.

गंमत म्हणजे मायलिन हे नाव १८५४ मध्ये फिरखो नावाच्या जर्मन डॉक्टरने दिलं ते हाडातल्या मगजाच्या ग्रीक शब्दावरून, आणि आपल्याकडे मज्जातंतू, मज्जासंस्था, मज्जारज्जू सगळ्यात तीच मज्जा बसलीय. तेव्हा सासूबाई "मज्जा" म्हणतात ते शब्दापुरतं अगदी बरोबर आहे हं. तुपाकडे नंतर येते.

मेंदूत या सुरळ्या गुंडाळणाऱ्या पेशीचं नाव ऑलिगोडेंड्रोसाइट. ही एक पेशी आजूबाजूला हात पसरून ४०-५० ठिकाणी वेढे घालते. म्हणजे अशी एक पेशी मेली की तितक्या ठिकाणी तंतू उघडा. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती, जी जंतूंसाठी ठेवलेली असते ती, मेंदूत शिरते आणि या पेशी आणि त्यांचं मायलिन फोडते. जिथे फोडलं तिथे सूज, सिग्नल अडकतो, त्या जागेवर ज्याचं काम चालायचं ते बंद. तुझ्या बाबतीत उजवा डोळा. माझ्या बाबतीत पहिल्यांदा डावा डोळा आणि नंतर पाय.

मग दीड महिन्यात डोळा सुधारला कसा? सूज उतरली हा मोठा भाग. उघड्या पडलेल्या तंतूने आपलं आपण थोडं जमवून घेतलं, उड्या मारत नाही तर सरपटत का होईना सिग्नल न्यायला लागला. आणि थोडं मायलिन नव्याने चढलं, मोठ्या माणसाच्या मेंदूतही नवीन वेढे घालू शकणाऱ्या पेशी शिल्लक असतात, पण नवीन वेढा बहुतेक वेळा पातळ असतो, म्हणून तुझे ते १२९. सलाईनने काय केलं विचारशील, तर त्याने बरं होणं लवकर झालं. अमेरिकेत १९९० च्या आसपास डोळ्याच्या नसेच्या या सुजेवर मोठी ट्रायल झाली होती, तिच्यात असं दिसलं की शिरेतून स्टेरॉइड घेणाऱ्यांना लवकर दिसायला लागतं, पण सहा महिन्यांनी बघितलं तर घेतलेल्या आणि न घेतलेल्यांच्या नजरेत फारसा फरक राहत नाही. म्हणजे स्टेरॉइडने आग विझवली एवढंच, काडी लावणारा घरातच आहे.

त्याच ट्रायलमधल्या लोकांचा पुढे १५ वर्षं पाठपुरावा केला. डोळ्याचा पहिला अटॅक आला तेव्हा ज्यांच्या एमआरआयमध्ये एकही डाग नव्हता त्यातल्या २५ टक्के लोकांना पुढे एमएस झाला, आणि ज्यांच्यात एक किंवा जास्त डाग होते त्यातल्या ७२ टक्के लोकांना. तुझ्या एमआरआयमध्ये डाग आहेत, पाठीच्या पाण्यात ते बँड (प्रतिकारशक्ती मेंदूत कामाला लागल्याच्या खुणा) आलेत, म्हणून डॉक्टरांनी थांबून बघूया म्हटलं नाही, आत्ताच नाव दिलं. आणि त्या डागांपैकी किती तुला कळले? एकच, डोळ्याचा. बाकीचे कधी झाले, तेव्हा तू लग्नाच्या साड्या निवडत होतीस की ऑफिसात होतीस, काही पत्ता नाही. या आजारात जाणवणारा अटॅक एक आला तर एमआरआयवर दिसणारे नवीन डाग साधारण पाच ते दहा पडलेले असतात, गुपचूप, कारण मेंदूत सगळ्याच जागा बोंब मारत नाहीत.

आता मला जे सांगायचंय ते. तुला देतायत ते औषध मायलिन परत आणण्यासाठी नाहीच आहे. ते आहे प्रतिकारशक्तीचे हल्ले रोखून आतला धागा वाचवण्यासाठी. धाग्यावरची सुरळी गेली तर परत थोडीफार चढते, पण मेंदूतला धागा तुटला की तो जोडला जात नाही, आणि उघडा धागा तुटतो. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एमएस असलेल्या, वारलेल्या माणसांचे मेंदू तपासले, तर जिथे ताजी सूज होती तिथे एका घन मिलिमीटरमध्ये ११ हजारांवर तुटलेले धागे सापडले. घन मिलिमीटर म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान जागा गं. आधी लोकांना वाटायचं की धागे तुटणं ही शेवटची पायरी, आजार जुना झाला की होणारी, पण त्यात दिसलं की सूज ताजी असतानाच, अगदी सुरुवातीच्या वर्षांतही धागे जातात. तरुण मेंदू दुसऱ्या वाटा शोधून वेळ मारून नेतो म्हणून आपल्याला कळत नाही. वाटा संपल्या की कळतं.

माझं असंच झालं. २००६ मध्ये डोळा, मी ३४ वर्षांची, मुलगा दुसरीत. २००७ पासून आठवड्याला एक इंजेक्शन, घेतलं की रात्रभर ताप आणि अंग ठणकणं, शनिवारी घ्यायचे म्हणजे रविवार झोपण्यात जायचा. दोन वर्षं काही म्हणजे काही झालं नाही. घरात सगळे म्हणायला लागले काही होत तर नाहीये, महिन्याला एवढे पैसे कशाला, आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त मीच म्हणायला लागले. २००९ च्या दिवाळीत बंद केलं. कुणाला सांगितलंही नाही, डॉक्टरांना तर नाहीच. वर्षभर मस्त गेलं, मी जिंकले असं वाटायचं. नंतरच्या पावसाळ्यात एका सकाळी प्रॅक्टिकल घेताना उजवा पाय मागे राहायला लागला, चप्पल निघून पडली तरी कळलं नाही, मुलींनी सांगितलं मॅडम चप्पल. सलाईन घेतल्या, पण तो पाय डोळ्यासारखा परत आला नाही. आज काठी आहे. इंजेक्शन चालू ठेवलं असतं तर पाय नक्की वाचला असता असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण शक्यता तिकडे झुकलेली होती आणि ती मी स्वतःच्या हाताने घालवली. काही होत नव्हतं कारण इंजेक्शन चालू होतं, एवढं साधं गणित मला, बायोच्या बाईला, कळलं नाही.

तेव्हा हे डोक्यात ठेव की औषध घेऊन तुला काहीच "वाटणार" नाही. ताकद आली, तरतरी आली, असलं काही नाही. रात्री झोपताना आपण गॅसचा रेग्युलेटर बंद करतो आणि सकाळी काही झालं नाही म्हणून कुणी म्हणत नाही की उगाच बंद केला होता.

आणि "जन्माचं लोढणं" हा शब्द तेवढा बाजूला ठेवूया. पहिलं औषध १९९३ मध्ये आलं, त्याआधी अटॅक आला की स्टेरॉइड आणि नशीब. आता गोळ्या आहेत, रोजची, दिवसातून दोनदाची, आणि सहा महिन्यांनी एकदा सलाईनमधून घ्यायची औषधंही आहेत. मी सध्या रिटुक्सिमॅब घेते, मुळात ते कॅन्सरचं औषध, आपल्याकडे एमएससाठी खूप डॉक्टर वापरतात कारण भारतीय कंपन्यांची मिळतात आणि त्यातल्या त्यात खिशाला झेपतात. सुरू करायच्या आधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी आणि राहिलेल्या लसी, एवढं विचारून घे, काही लसी हे औषध चालू झाल्यावर नीट लागू पडत नाहीत.

अजून एक प्रश्न डॉक्टरांना नक्की विचार: एक्वापोरिन ४ आणि मॉग या अँटिबॉडीज तपासल्यात का. तुझ्या फोटोंमध्ये मला तो कागद दिसला नाही. एमएससारखेच दिसणारे दोन भाऊबंद आजार आहेत, त्यातही डोळ्याची नस सुजते, पण एक्वापोरिनवाल्या आजारात एमएसची काही औषधं दिली तर उलट बिघडतं. तुझ्या पाण्यातले बँड बघता एमएसच असावा, बहुतेक डॉक्टरांनी तपासलंच असेल, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

आता तूप. मायलिनचा सुकवलेला भाग बघितला तर ७० ते ८० टक्के चरबीच असते आणि अंगातल्या कोलेस्टेरॉलचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या मेंदूत असतो, वजनाने मेंदू शरीराच्या दोन टक्के असूनही. इथपर्यंत सासूबाई पास. पण मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः घरी बनवतो, रक्तातलं आत जवळपास घेतच नाही, मधली भिंत ते येऊ देत नाही. म्हणजे वरणभातावरचं तूप रक्तात कितीही फिरलं तरी सुरळीच्या वडीत जाऊन बसत नाही. आणि मुळात तुझ्याकडे मालाची टंचाई नाहीये. एक माणूस घणाने भिंत फोडतोय आणि आपण मागून गिलाव्याची घमेली आणतोय, अशाने काय होणार, आधी घण काढून घ्यायला हवा. तूप खा, आवडत असेल तर खा, बदाम खा, पोळीवर तेवढं प्रेम कोणी करत असेल तर नाही म्हणू नको. फक्त "इम्युनिटी वाढवणारं" असं लिहिलेल्या पुड्या, काढे, कॅप्सूल यांच्यापासून लांब राहा, आपल्याला इम्युनिटीनेच मारलंय. गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या पेशंटबद्दल मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलं होतं, आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही ही गोष्ट वेगळी, पण मी तरी आपल्या आजारात ती रिस्क घेणार नाही. आणि मायलिन परत वाढवणारं औषध म्हणून व्हॉट्सअपवर क्लेमास्टिनचं नाव फिरतं, ते जुनं सर्दी-अ‍ॅलर्जीचं औषध. २०१७ मध्ये ५० पेशंटवर अभ्यास झाला, त्यात तुझ्या त्या व्हीईपीचा उशीर दीड-दोन मिलिसेकंदाने कमी झाला, आशा वाटण्यासारखंच आहे, पण नंतरच्या दुसऱ्या एका अभ्यासात काही पेशंटचं उलट जास्त बिघडलं. तेव्हा मेडिकलवाल्याकडून स्वतःच्या मनाने काही आणू नको.

बी१२ बाबतीत मात्र मामांना पूर्ण खोटं पाडता येणार नाही. बी१२ कमी असलं तर मायलिन खरोखर बिघडतं, विशेषतः मज्जारज्जूच्या मागच्या बाजूचं. दोन्ही पायांना सारख्या मुंग्या, कापसावर चालल्यासारखं वाटणं, बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाणं. शाकाहारी घरांत हे भरपूर सापडतं आणि वेळेत इंजेक्शनं घेतली तर बरंचसं भरून येतं. पण ते हळूहळू येतं, दोन्हीकडे सारखं येतं, बी१२ ने डोळे गेले तरी दोन्ही जातात आणि दुखत नाहीत. तुझं एकच डोळा, अचानक, फिरवला की दुखणारा, आणि वर पाण्यात बँड. त्या बँडचं उत्तर बी१२ देत नाही. म्हणजे तुला दोन गोष्टी आहेत, दोन्हींवर उपचार घे, १६० हे कमीच आहे. आणि मुलासाठी फोलिक अ‍ॅसिड सुरू करशील तेव्हा बी१२ आधी किंवा बरोबर चालू पाहिजे, नुसत्या फोलिकने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान मागे चालूच राहतं. जाता जाता, सासूबाई डायबेटिसची मेटफॉर्मिन घेत असतील तर त्यांचंही बी१२ तपासून घे, त्या गोळीने वर्षानुवर्षांत ते कमी होतं. त्यांचे पाय रात्री जळजळतात का विचार.

जीबीएस वेगळं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या बाजूला जे झालं त्यात बऱ्याच जणांना आधी दूषित पाण्याने जुलाब झाले होते, त्या जंतूशी लढताना शरीर चुकून हातापायांच्या नसांवर उलटलं. तिथलं मायलिन वेगळ्या पेशी बनवतात, मेंदूतल्या नाहीत. ते दिवसांत वाढतं, काहींना व्हेंटिलेटर लागतो, पण बहुतेकांना एकदाच होतं आणि महिन्यांत सुधारतं. एमएस पाण्यातून येत नाही, तुझं उष्टं खाऊन कोणाला होत नाही. एमएसचा एका विषाणूशी संबंध आहे हे खरं, एप्स्टाइन-बार त्याचं नाव, अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी बघून २०२२ मध्ये छापलं होतं की त्याची लागण झाल्यावर एमएसची शक्यता ३२ पट होते. पण तो जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांना होऊन गेलेला असतो, सासूबाईंनाही, मलाही, आणि एमएस होतो फार थोड्यांना. तेव्हा मार्चमध्ये बाहेर काय खाल्लंस ते आठवत बसू नको.

मुलाचं. व्हायला काही हरकत नाही, फक्त हे वाक्य तू औषध निवडायच्या आधी डॉक्टरांसमोर बोल, नंतर नाही. काही गोळ्या गरोदरपणात अजिबात चालत नाहीत, त्यातली टेरिफ्लुनोमाइड तर बंद केल्यावरही कितीतरी महिने अंगात राहते आणि ती काढायला वेगळं औषध घ्यावं लागतं. काही औषधं आधी घेऊन, आजार शांत करून मग चान्स घेता येतो. पूर्वी डॉक्टरसुद्धा एमएसवाल्या मुलींना मूल होऊ देऊ नका म्हणायचे, १९९८ मध्ये युरोपातल्या २५४ बायकांचा अभ्यास आला आणि ते बदललं. त्यात दिसलं की शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक एकदम कमी होतात, वर्षाला ०.७ च्या हिशोबाने होते ते ०.२ वर येतात, आणि बाळंतपणानंतर पहिल्या तीन महिन्यांत १.२ पर्यंत उसळतात. म्हणजे सांभाळायचं ते बाळंतपणानंतर, तेव्हा औषध परत कधी सुरू करायचं हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेव आणि माहेरी तासगावला जाणार असशील तर तिथून न्यूरोवाल्यांपर्यंत कसं पोचायचं तेही. बाळाला होईल का? आईला एमएस असेल तर पाश्चात्त्य देशांच्या आकड्यांत शंभरात दोन-तीन मुलांना होतो, उरलेल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवांना नाही. माझा मुलगा २६ चा आहे, ठणठणीत, फक्त फोन उचलत नाही.

एप्रिल-मेसाठी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते कारण पहिल्या उन्हाळ्यात मी यानेच घाबरून अर्धमेली झाले होते. मायलिन गेलेला तंतू उष्णतेने लगेच मान टाकतो, अंगाचं तापमान अर्धा डिग्री वाढलं तरी पुरतं. गरम पाण्याने अंघोळ केली, स्वयंपाकघरात तासभर पोळ्या लाटल्या, ताप आला, जिने भराभर चढलीस, की उजवा डोळा परत धुरकट होऊ शकतो. पंख्याखाली बस, गार पाणी पी, अर्ध्या-एक तासात निवळतं. हा नवीन अटॅक नाही, लगेच उठून स्टेरॉइड घ्यायला जायचं नाही. अकोल्यात ४५ डिग्रीला मी काय करते विचारू नको, ओला पंचा मानेवर आणि कूलरसमोरची खुर्ची माझी, पाहुणे आले तरी उठत नाही. मात्र एखादं लक्षण नवीन असेल, ताप नसेल, लघवीला जळजळ वगैरे काही नसेल आणि २४ तास झाले तरी जात नसेल तर लगेच डॉक्टरांना फोन.

व्हिटॅमिन डी तपासून घे, मिस्टर घरात सिगारेट ओढत असतील तर त्यांना बाल्कनीत नाही, सोसायटीच्या गेटबाहेर पाठव. व्यायाम कर, आपल्याकडे अशा मुलीला लगेच पलंगावर बसवून ठेवतात, ते होऊ देऊ नको. ऑफिसात सांगायचं की नाही हे मी ठरवणार नाही, मी पाच वर्षं लपवलं आणि त्या लपवण्यानेच जास्त दमले. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव आहे, पण तुला आज कुठलंही अपंगत्व नाही तेव्हा सर्टिफिकेटच्या मागे लागायची गरज नाही. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुण्यात शाखा आहे, त्यांच्याकडे फोन कर, तुझ्या वयाच्या, औषध घेऊन नोकरी करणाऱ्या, पोरं सांभाळणाऱ्या मुली भेटतील. गूगलवर शोधलं की व्हीलचेअरचे फोटो आधी येतात, ते शोधणं बंद कर.

मंगळवारी अपॉइंटमेंट आहे लिहिलंयस. सासूबाईंना बरोबर ने आणि बाहेर बाकावर बसवू नको, आत ने, त्यांचे तूप-बदामाचे प्रश्न त्यांनाच विचारू दे, त्या तुझ्या काळजीनेच बोलतायत. व्हीईपीचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेव. आणि कुंकू कसं दिसलं ते मला कळव.